सत्तेचाळीस नंबरची एकतिसावी पेटी

खाण बंद पडून अठ्ठावीस वर्षं झाली, पण कोअर शेडच्या किल्ल्या अजून पेटीमावशीच्याच कमरेला आहेत. ज्या कचेरीने तिला नोकरीवर ठेवलं ती कचेरी आधी दुसऱ्या इमारतीत गेली, मग दुसऱ्या शहरात गेली, आणि शेवटी मावशी निवृत्त झाल्याचं पत्र आलं तेव्हा त्यात किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते लिहायचंच राहून गेलं होतं. मावशीने ते पत्र घडी घालून पेट्यांच्या रजिस्टरात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी शेड उघडली.

आता कोअर शेड म्हणजे काय, ते आधी सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. जमिनीच्या पोटात काय दडलंय ते बघायला पोकळ तोंडाचं एक यंत्र खाली सोडतात. ते गरगर फिरत भोक पाडत जातं आणि मधल्या दगडाची कांडी सबंध वर येते, मनगटाएवढी जाड. कांडी म्हणजे कोअर. ती लाकडी पेटीत ठेवायची, एकेक मीटरच्या पाच ओळी, वही लिहावी तशी डावीकडून उजवीकडे. वरचा दगड आधी, खालचा नंतर. मग तो धुवायचा, त्यावर खोलीचा आकडा घालायचा आणि लाल रंगाने बाण काढायचा, खाली कुठे ते दाखवणारा. हे धुणं, आकडे घालणं आणि बाण काढणं मावशीचं काम. बाविसाव्या वर्षी ती या कामाला लागली, आज एकोणसाठीची आहे, आणि सव्वातीन हजार पेट्यांपैकी कुठलीही सांगा, डोळे मिटून मांडणीपाशी जाऊन हात ठेवील.

खाण तांब्याची. कंपनी येण्याच्या कितीतरी आधी कोणीतरी जुनी माणसं या डोंगरात शिरली होती. त्यांच्याकडे ना सुरुंग ना यंत्र. ती दगडाला लागून लाकडं पेटवायची, दगड चांगला तापला की त्यावर गार पाणी ओतायची, तडा गेला की पाचर ठोकायची. त्यांच्या बिळांच्या छताला अजून काजळी आहे, बोट फिरवलं तर काळं होतं. ती माणसं कोण, कुठून आली, कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. पण त्यांनी जिथे खणणं सोडलं तिथूनच कंपनीने विहिरीसारखा उभा शाफ्ट उतरवला, त्यातून एकाखाली एक अकरा लेव्हल, म्हणजे आडवे बोगदे, काढल्या, नऊशे माणसं कामाला लावली. भोंगा वाजला की सगळी वस्ती घड्याळं लावायची. आणि मग अकराव्या लेव्हलच्या खाली तांबं संपलं. संपलं म्हणजे, संपलं असं ठरलं.

मावशीच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने पंप बंद केला. तो पंपवाला होता, खाणीतलं पाणी उपसायचं त्याचं काम. पंप थांबल्यावर पाणी एकेक लेव्हल चढत गेलं, आणि दीड वर्षात खाण गळ्यापर्यंत भरली. तेव्हापासून तो वस्तीतल्या लोकांच्या मोटारी दुरुस्त करतो, सगळ्यांची टिंगल करतो, आणि शेडमध्ये मात्र पाऊल ठेवत नाही.

अशी सगळी सामसूम असताना, गेल्या महिन्यात एक जीप आली आणि तीतून एक तिशीची मुलगी उतरली. गळ्यात भिंग, पायात बूट, हातात हातोडी. नव्या कंपनीने पाठवली होती. जुनी खाण पुन्हा उघडण्याजोगी आहे का ते बघायला, आठ दिवसांसाठी. तिने सांगितलं की ती दगडांवर डॉक्टर झाली आहे. झालं, संध्याकाळपर्यंत तिचं नाव डॉक्टरीणबाई पडलं, आणि वस्तीत जी काही धांदल उडाली म्हणता! म्हातारे दाढ्या करून बाहेर पडले. अंथरुणाला खिळलेल्या मुकादमाला उठवून बसवलं, तर तो काठी टेकत थेट शेडपर्यंत चालत आला. पिंजरेवाला आला, जो शाफ्टचा पाळणा वरखाली करायचा. शेडबाहेरच्या बाकावर यांची रोजची बैठक बसली. मावशीचा नवराही तिथेच, पण बाहेरच.

मावशीला तर आनंदाचं भरतं आलं होतं. अठ्ठावीस वर्षांत तिच्या दगडांना कोणी पाहायला आलं नव्हतं! पेट्या काढू की ठेवू असं झालं तिला. डॉक्टरीणबाईही तशीच भेटली, पेटी उघडली की हिचे डोळे चमकायचे. दोघी ओल्या फडक्याने दगड पुसायच्या, कारण दगड ओला झाला की त्याचे पट्टे स्पष्ट दिसतात, आणि मग बाकड्यावर वाकून तासन् तास बघत बसायच्या. इथे कधीकाळी समुद्र होता, असं डॉक्टरीणबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याच्या तळावर वाळू आणि चिखलाचे थर बसले, दबले, भाजले, दगड झाले. मग खोलातून उकळतं पाणी तांबं विरघळवून वर आलं आणि फटीफटीत पिवळंजर्द खनिज ठेवून गेलं. मग सगळा डोंगरच एका भेगेवर सरकला. त्या भेगेला खाणीत फॉल्ट म्हणतात. मावशी हे सगळं तोंड उघडं ठेवून ऐकत होती. साहेब लोक यातलं कधी काही तिला सांगत नसत, ते फक्त पेटी नंबर अमुक आण म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईने तिच्या हातात भिंग दिलं आणि एका कांडीवरचे पट्टे दाखवले. पुराबरोबर वाळू आणि गाळ एकदमच येतो, ती म्हणाली, पण पाणी संथ झालं की जड कण आधी तळाला बसतात, त्यावर बारीक वाळू, सगळ्यात शेवटी चिखल. पुन्हा पूर, पुन्हा तसंच. म्हणून प्रत्येक पट्ट्यात जाड कण खाली आणि बारीक वर. मावशीने भिंगातून पाहिलं. हे पट्टे तिने हजारदा धुतले होते.

"म्हणजे दगडाचं डोकं कुठे आणि पाय कुठे, ते त्याच्याकडे बघून कळतं?" तिने विचारलं.

"बाण नसला तरी कळतं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मावशीने भिंग बाकड्यावर ठेवलं. आपल्याला गरगरतंय असं सांगून ती बाहेर नळावर गेली आणि तोंडावर पाणी मारत उभी राहिली.

तिला काय झालं ते सांगायला एकोणतीस वर्षं मागे जावं लागेल. फॉल्टच्या खाली तांबं आहे की नाही, या एकाच प्रश्नावर तेव्हा खाणीचा जीव अडकला होता. अकराव्या लेव्हलवरून खाली सरळ एक भोक मारलं, सत्तेचाळीस नंबरचं. त्याच्या पेट्या वर येऊ लागल्या. एकतिसावी पेटी आली तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती, शेडमध्ये मावशी एकटी. पेटी उचलायला दोन माणसं लागतात, पण कोण थांबतो? तिने एकटीने उचलली, ओल्या फरशीवर पाय सटकला, आणि पाच मीटर दगड घरंगळत सगळीकडे गेला. खोलीच्या लाकडी खुणा एकीकडे, कांड्या दुसरीकडे. अजून एकाही कांडीवर बाण नव्हता.

तिने काय नाही केलं? गुडघ्यावर बसून तुटक्या टोकाला तुटकं टोक जुळवलं. सगळे तुकडे जुळले, दोन माळा तयार झाल्या, एकीत चौदा तुकडे, एकीत बारा. पहिलीत तांब्याचा पिवळा पट्टा होता, दुसरीत काही नव्हतं, आणि दोन्हींच्या मधला फॉल्टचा चुरा फडक्यात गोळा झाला होता. तिसाव्या पेटीतलं शेवटचं टोक घासलं गेलेलं, त्याला कुठलंच टोक बसेना. आता वर कोणती आणि खाली कोणती? अख्खी खाण म्हणायची, तांबं फॉल्टच्या वर असतं. मुकादम म्हणायचा, साहेब म्हणायचे, नवरा म्हणायचा. तिने तांब्याची माळ वर लावली. दोन्ही माळांची चुरडलेली टोकं मधल्या चुऱ्याकडे केली. सुट्टी संपायच्या आत सगळ्यांवर लाल बाण काढून टाकले आणि कोणाला काही बोलली नाही. साहेबांनी येऊन पाहिलं, मान हलवली, लिहून घेतलं: पट्टा फॉल्टवर तुटतो, खाली काही नाही. चार महिन्यांनी खाण बंद झाल्याची नोटीस लागली.

नऊशे घरांची चूल आपण विझवली, हा किडा तेव्हा तिच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. ती पेटी उघडून बघत बसायची, पण बघून कळणार काय? नवऱ्याला सांगायचं शंभरदा ठरवलं. तो संध्याकाळी ग्रीसने माखलेले हात धूत असायचा, आणि ती चहा टाकायला आत निघून जायची.

आणि आता ही मुलगी सांगते की नुसतं बघून कळतं! मावशी नळावरून परत आली. डॉक्टरीणबाई जेवायला गेली होती. मावशी थेट सत्तेचाळीसच्या मांडणीपाशी गेली, एकतिसावी पेटी ओढून काढली, फडकं भिजवलं, आणि तिथेच थांबली. एक कांडी पुसायची आणि भिंग लावायचं, एवढंच करायचं होतं, पण जमेना. शेवटी पेटी तशीच ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईने स्वतःच सत्तेचाळीस नंबर मागितला. खाण बंद करण्याचा जुना अहवाल त्याच भोकावर उभा होता, त्यामुळे मागणारच होती. मावशीला गप्प बसता आलं असतं. पेटी काढून दिली असती, बाण होतेच, कोणी शंकाही घेतली नसती. पण समोरची मुलगी एकेका दगडासाठी इतका जीव टाकत होती की तिला खोटी पेटी द्यायचं मावशीच्या जिवावर आलं. तिने पेटी बाकड्यावर ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं, फरशीपासून बाणांपर्यंत.

डॉक्टरीणबाईने टोपी काढून बाजूला ठेवली. "आधी तीस आणि बत्तीस काढा," एवढंच म्हणाली.

त्या दोन्ही पेट्यांना कधी धक्का लागला नव्हता. त्यांतले पट्टे तपासले, सगळीकडे जाड कण खाली, बारीक वर. म्हणजे इथले थर सुलटे आहेत हे पक्कं झालं. मग एकतिसावी. पहिली कांडी डॉक्टरीणबाईने पुसली, भिंग लावलं आणि मग ते मावशीकडे दिलं. जाड वाळू वर होती. बाण सांगत होता खाली, दगड सांगत होता वर. दुसरी कांडी. जाड वाळू वर. तिसरीत पट्टेच नव्हते, ती सोडली. चौथी उलटी. पाचवी उलटी. आता दोघींनाही दम निघेना, एक पुसतेय, एक बघतेय, पाण्याची बादली लवंडली तरी कोणाचं लक्ष नाही. सव्वीस तुकड्यांपैकी एकवीस तुकड्यांत पट्टे दिसले, आणि एकवीसच्या एकवीस डोक्यावर उभे होते.

"फिरवू या," डॉक्टरीणबाई म्हणाली.

लांब बाकड्यावर त्यांनी सगळी माळ नव्याने लावली. रिकामी माळ वर गेली, उलटी होऊन. तिची न चुरडलेली बाजू तिसाव्या पेटीच्या शेवटच्या दगडाला रंगाने, पट्ट्याने बरोब्बर जुळली. मग चुरा. मग खाली, फॉल्टच्या खाली, पिवळा पट्टा. ओल्या दगडावर उजेड पडला आणि तांबं लखलखलं.

"अगं खाली आहे!" मावशी ओरडली. "फॉल्टच्या खाली आहे गं!" आणि तिने चक्क टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाईने तिला मिठी मारली, दोघी चिखलात नाचल्या म्हणालात तरी चालेल. आयुष्यभर दगड धुणाऱ्या बाईला एवढा मोठा शोध लागला होता! मिनिटभर तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

आणि मग ती मटकन खाली बसली. तांबं खाली असेल तर खाण संपली नव्हती. म्हणजे जी भीती ती इतकी वर्षं उशाला घेऊन झोपली, ती खरी होती.

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ उकिडवी बसली. एका पेटीवर खाण बंद होत नाही, ती म्हणाली, तेव्हा तांब्याचे भाव कोसळले होते, पाणी वाढलं होतं, कदाचित पाच वर्षांनी बंद झालीच असती. मावशीने विचारलं, अहवालात पहिलं काय लिहिलंय. पोरगी खोटं बोलली नाही. पहिलं सत्तेचाळीस नंबरचंच लिहिलंय, ती म्हणाली, त्याच्याखाली बाकीचं. शिवाय ही एक कांडी म्हणजे खाण सुरू झाली असंही नाही, अजून भोकं मारावी लागतील, वर्षं जातील. मावशी उठली, पदराने हात पुसले आणि बाहेर गेली.

बाकावरच्या मंडळींनी ओरडा ऐकला होता. सगळे उभेच होते. तांबं आहे, मावशीने सांगितलं, आणि कोणी काही बोलायच्या आत पुढचंही सांगून टाकलं. पेटी मी पाडली होती. दगड मी उलटे लावले. बाण माझ्या हातचे आहेत. तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

मग मुकादमाने काठीवर भार टाकत विचारलं, "पट्टा किती जाडीचा?" दीड मीटर, मावशी म्हणाली. किती खोल? अकराव्या लेव्हलखाली दीडशे मीटरवर. मुकादम तिथेच बसला आणि काठीने धुळीत शाफ्ट काढू लागला, इकडून उतरायचं की तिकडून, आणि दोघंतिघं त्याच्याभोवती वाकून लगेच वाद घालू लागले. म्हाताऱ्यांचे चेहरे असे फुलले होते की त्यांना मावशीचं बाकीचं बोलणं ऐकू तरी आलं का, कोण जाणे. पिंजरेवाल्याला मात्र आलं होतं. खाण बंद झाल्यावर त्याची दोन्ही मुलं परगावी गेली ती परत आली नव्हती. तो मावशीकडे न बघता उठला आणि घराच्या वाटेला लागला. मावशी तो वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिली. त्याला हाक मारायचा तिला धीर झाला नाही.

नवरा जागचा हलला नव्हता. त्याला थट्टा सुचत नव्हती, हे मावशीने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"दाखव," तो म्हणाला.

तो शेडच्या दारातून आत आला, मांडण्यांच्या मधून तिच्या मागोमाग बाकड्यापर्यंत गेला. डॉक्टरीणबाई शहाणी, ती काहीतरी आणायचं निमित्त काढून जीपकडे गेली. मावशीने दाखवलं, हा वरचा दगड, हा चुरा, हे तांबं. त्याने पिवळ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. हाताला पाणी लागलं ते विजारीला पुसलं.

"याच्यासाठी तू रोज इथे येऊन बसायचीस?" त्याने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. पण आज एवढं खरं बोलून झालं होतं, मावशीला आता अर्धवट बोलवेना. "पहिली चार-पाच वर्षं याच्यासाठी आले," ती म्हणाली. "पुढे आवडायला लागलं म्हणून आले. बरं वाटतं मला इथे."

"मला वाटायचं, पंप बंद करून आलेल्या नवऱ्याचं तोंड दिवसभर बघवत नाही म्हणून तू जातेस," तो म्हणाला. "अठ्ठावीस वर्षं मला तेच वाटत होतं."

नऊशे माणसांचा हिशोब मावशीने रोज केला होता आणि हा एक माणूस त्यात कधी धरलाच नव्हता. तिला रडू आलं, तसं तिने रडून घेतलं, त्याच्या देखत. तो घुटमळत शेजारी उभा राहिला, मग बाकड्यावरचं फडकं त्याने उचललं आणि काय करावं न सुचून बत्तिसाव्या पेटीतली एक कांडी पुसायला घेतली.

"असं आडवं घासू नका," नाक ओढत मावशी म्हणाली. "पट्ट्याच्या दिशेने पुसा. आणि उचललीत तिथेच परत ठेवा."

त्याने कांडी जागेवर ठेवली आणि दुसरी उचलली. मावशीने भिंग त्याच्या हातात दिलं आणि कुठे बघायचं ते दाखवायला त्याच्या खांद्याशी वाकली.